माशी, मासा आणि वलगण



नालासोपाऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अकरावीत आहे आणि रात्री मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ पाहत बसतो. डोंगरातली नदी, कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूस, हातात लांब लवचीक काठी. तो दोर हवेत मागे-पुढे खेळवतो, मासा लागला की जवळ ओढतो, फोटो काढतो आणि पुन्हा पाण्यात सोडून देतो. मुलाला तशी काठी हवी आहे. वडील म्हणतात, खायचा नाही तर पकडायचा कशाला? आईने आम्हाला दोन गोष्टी विचारल्या आहेत. हा छंद लागू द्यावा का? आणि मासा पकडून सोडून देण्यात गुनाह आहे का?

छंद लागू द्यावा. दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वडिलांनी दिलेलेच आहे, उरलेले अर्धे देताना मात्र नदीपर्यंत जावे लागेल.

आधी त्या व्हिडिओविषयी. तो मासा ट्राउट. आपल्याकडे गळ टाकताना जड असते ते शिसे. दोर हलका, गळ त्याला मागे ओढत नेतो. या प्रकारात सगळे उलटे आहे. आमिष म्हणजे बारीक गळावर पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन असे नाहीच. म्हणून दोरच जाड आणि वजनदार घेतात. मनगटाच्या झटक्याने दोर फेकला की माशी त्याच्यामागून जाते आणि खरी माशी टेकावी तशी पाण्यावर टेकते. माशी देऊन मासा घ्यायचा, हा खेळ जणू मराठीतच सुचलेला वाटतो. पण तो सोपा नाही. त्या महिन्यात, त्या घटकेला त्या नदीवर कोणता किडा उडतो आहे, मासा पाण्याखालची अळी खातो आहे की वरची पंख फुटलेली माशी, हे ठाऊक नसेल तर दिवसभर दोर फेकून हात रिकामाच. त्यामुळे चांगला मासेमार आधी काठी उचलत नाही. तो काठावरचा दगड उलटा करून त्याच्या खाली काय चिकटले आहे ते पाहतो. मोबाइलमध्ये मान घातलेले पोर दगड उलटून पाहायला लागणार असेल तर आम्ही आनंदाने त्याच्या बाजूने आहोत.

ट्राउट मूळचा हिंदुस्थानातला नाही. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून बर्फात घालून काश्मीरला आणली, तिथल्या नद्यांत तो रुजला. निलगिरीच्या थंड ओढ्यांतही इंग्रजांनी तो सोडला. पहलगामला जाऊन आलेल्यांनी लिद्दर नदी पाहिली असेल, तिथे मत्स्य खात्याचा परवाना घेऊन लोक याच पद्धतीने ट्राउट धरतात. या माशाला थंड पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की तो कासावीस होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्या वैतरणेत तो एक उन्हाळा काढणार नाही. म्हणजे परदेशी दुकानातली महाग काठी आणली तरी व्हिडिओतला मासा वसई तालुक्यात मिळणार नाही, हे मुलाला आधीच सांगून टाकावे.

व्हिडिओत आणखी एक गोष्ट दिसत असते, तिकडे मुलांचे लक्ष जात नाही. पुष्कळदा तो माणूस धरणाच्या खाली उभा असतो. मोठ्या धरणाच्या तळाचे पाणी बारा महिने गार राहते, आणि दरवाजातून तेच खाली सोडतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरण झाले. त्याआधी ती नदी गढूळ होती आणि उन्हाळ्यात कोमट. धरणानंतर खालचे पाणी नितळ आणि गार झाले, ट्राउट धरायला हौशी लोकांची रीघ लागली. पण त्याच नदीत हजारो वर्षे गढूळ, कोमट पाण्यात वाढलेले देशी मासे हटत गेले. एकाच भिंतीने एका माशाला घर दिले आणि दुसऱ्याचे मोडले.

धरणाखालच्या पाण्याची दुसरी बाजू आईवडिलांनी ध्यानात ठेवावी. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात मंडी जिल्ह्यातल्या थलौट इथे हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी सहलीला आले होते. बियास नदीच्या पात्रात दगडांवर उभे राहून ते फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. आकाश कोरडे होते. पाऊस नसताना पूर येतो तो असा. मोडकसागर असो की धामणी, धरणाखालच्या पात्रात मधल्या खडकावर बसून गळ टाकायचा नाही, ही अट काठी घेण्याआधी घालावी. पाणी वाढू लागले तर काठी सोडून काठ गाठायचा, हेही सांगावे. महाग काठी घेतलेला मुलगा ती सोडत नाही, म्हणून आम्ही स्वस्त काठीच्या बाजूचे आहोत.

आता आपल्या नदीकडे येऊ. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगवते, सह्याद्री उतरून पालघर जिल्ह्यात येते आणि विरारच्या उत्तरेला, अर्नाळ्याच्या बाजूने समुद्राला मिळते. आपण लोकलमधून वैतरणेचा पूल ओलांडतो तेव्हा दिसते ते खाडीचे मचूळ पाणी. तिथे जिताडा मिळतो, बोय मिळते, कोळंबी मिळते. पण वाड्याच्या वर ही गोड्या पाण्याची डोंगरी नदी आहे, आणि तिथे ट्राउटच्या तोलाचा आपला स्वतःचा मासा आहे: महसीर. घाटावर त्याला खडस, खडशी असेही म्हणतात. १८३९ साली सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन छापले आणि आपल्याकडचेच बोलीतले नाव त्याच्या शास्त्रीय नावात ठेवले. आज जगभरचे अभ्यासक त्याला टॉर खुद्री म्हणतात. तळहातावर ठेवून पाहावेत असे त्याचे मोठे खवले, जाड ओठ. जबड्यात दात नाहीत, घशात आहेत. शेवाळ, किडे, काठच्या झाडावरून पडलेले फळ, लहान मासे, सगळे खातो. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहतो आणि प्रवाहाशी झुंजत वर जातो. गळाला लागला तर हात भरून येतो, म्हणून साऱ्या जगातले हौशी मासेमार त्याचे नाव काढतात.

वाडा तालुक्यात तिळसे गावी वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वर महादेवाचे मंदिर आहे. मंदिराजवळच्या डोहात हे मासे आहेत. लोक त्यांना देवमासे म्हणतात आणि धरत नाहीत. कोणी खात्याचा माणूस तिथे पहाऱ्याला उभा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या गावानेच ते राखले. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहातही असेच आहे. आपल्या वाचकांपैकी कोणी तुर्कस्तानात उर्फा शहरी गेले असेल तर त्यांनी हजरत इब्राहिम (अलै.) यांच्या नावाचा तलाव पाहिला असेल. तिथले मासेही कोणी खात नाही. हा दीनचा हुकूम नव्हे, लोकांनी धरलेली परंपरा आहे. पण मासा वाचला तो अशाच परंपरांमुळे. आमचे मत स्पष्ट आहे: वैतरणेतली ही जात आज डोळ्यांनी पाहता येते त्याचे श्रेय तिळशाच्या गावकऱ्यांना आहे, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, त्या जागेची शिस्त पाळावी.

याच नदीवर तीन मोठी धरणे आहेत. इगतपुरीच्या बाजूला ऊर्ध्व वैतरणा, खाली मध्य वैतरणा, त्याच्या खाली मोडकसागर. मध्य वैतरणेची भिंत शंभर मीटरहून उंच आहे, ती २०१४ साली पुरी झाली. तानसा नदी वैतरणेलाच येऊन मिळते, तिच्यावरचे धरण तर १८९२ सालचे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी चार या एकाच खोऱ्यातले आहेत. वाड्याजवळ गारगाईवर पाचवे करायचे ठरते आहे.

महसीर पावसाळ्यात अंडी घालतो. नदीला पहिले लाल पाणी आले की ते त्याच्यासाठी बोलावणे असते. तो डोह सोडून वर चढतो, उथळ, गोट्यांच्या जागा शोधतो. वर भिंत असेल तर तो तिथे थांबतो. एवढेच असते तरी एक वेळ चालले असते. पण भिंतीखालच्या माशाला ते बोलावणेही वेळेवर येत नाही, कारण जूनचा पहिला पूर धरणात साठतो. धरण भरून वाहू लागेपर्यंत बहुधा जुलै उजाडतो. तोवर खालच्या नदीला पाणी मिळते ते बाजूच्या ओढ्यांचे. धरणाचा मासा म्हणजे तलावात सोडलेला कटला, रोहू, मृगळ; तो ठेकेदाराचा मासा, वजनावर विकला जातो. वाहत्या नदीचा मासा वेगळा, त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

इथे आपल्याकडचा एक शब्द मुलाला शिकवावा: वलगण. ठाणे, पालघर, रायगडात जुन्या माणसांना तो सांगावा लागत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेताच्या बांधापर्यंत चढतात. मरळ, शिवडा, वाम. पोटात गाभोळी भरलेली असते, मासे जड झालेले असतात, पाणी घोटाभर असते. रात्री बॅटरी घेऊन गेले तर हाताने धरता येतात. घरोघरी कालवण शिजते आणि गाभोळीचे कौतुक होते. आम्हीही ती चव जाणतो. शेतातून दोन वेळच्या कालवणापुरते मासे आणणाऱ्या आदिवासी किंवा शेतकरी कुटुंबाला आम्ही काही सांगणार नाही, ते हजार वर्षे तसेच जगले आणि मासाही जगला. आमचा रोख आहे तो मोटारसायकलवर गोण्या बांधून येणाऱ्या आणि ओढ्याच्या तोंडाला आडवे जाळे लावणाऱ्यांवर. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ओढ्याचे तोंड अडवले की त्या वर्षाची पिढीच गोणीत जाते.

कुरआनात सूरह आराफमध्ये (आयत १६३) समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. त्यांना शनिवारी मासेमारी मना होती. आणि नेमके शनिवारीच मासे वर येऊन दिसत. इतर दिवशी येत नसत. तफसीरकार लिहितात की त्यांनी वाट काढली: जाळी आधी लावून ठेवायची, शनिवारी हात लावायचा नाही, रविवारी मासे काढायचे. आम्ही शनिवार आज लागू आहे असे म्हणत नाही. पण मनाईच्या दिवशी मासा समोर येऊन नाचतो, ही परीक्षा कशी असते ते पाहायचे असेल तर वलगणीच्या रात्री ओढ्यावर उभे राहावे.

आता गुनाहचा प्रश्न. फतवा देणे आमचे काम नाही, शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. आम्हाला समजते ते असे. सूरह माइदामध्ये (आयत ९६) पाण्यातली शिकार हलाल ठरवली आहे, आणि तिथेच तिचे कारणही आले आहे: ती माणसांचे खाणे आहे, वस्तीत राहणाऱ्यांचे आणि वाटसरूंचेही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करायला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, ही सहीह हदीस आहे. तेव्हा खाण्यासाठी धरलेल्या माशात काही वावगे नाही. निव्वळ गंमत म्हणून दहा मासे आकड्यावर ओढायचे, फोटो काढायचा, सोडायचे, पुन्हा अकरावा ओढायचा, हे आमच्या मनाला पटत नाही. वडील म्हणतात तेच खरे.

सोडून देण्याचा प्रकार नवा नाही. जहांगीर बादशाहने आपल्या आठवणींत लिहिले आहे की काबूलच्या वाटेवर हसन अब्दाल इथे त्याने जाळे टाकून दहा-बारा मासे धरले, त्यांच्या नाकात मोती ओवले आणि परत पाण्यात सोडले. इतिहासाचे शिक्षक हे कौतुकाने सांगतात. माशाला मोत्याचे काय कौतुक वाटले असेल, देव जाणे.

पण सोडण्याचा एक प्रकार आवश्यक आहे, तो मुलाला शिकवावा. मासा लहान निघाला, मादी गाभोळीची निघाली, किंवा महसीरसारखी दुर्मीळ जात लागली, तर ती परत गेलीच पाहिजे. त्यासाठी गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे ओठ न फाटता गळ निघतो. हात ओले करून मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे रोगाने मरतो. शक्य तर पाण्याबाहेर काढूच नये. फोटो राहिला तर राहिला.

उपकार म्हणून केलेल्या गोष्टीचाही माशाला फटका बसतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवली आणि लाखोंनी नद्या-तलावांत सोडली. काम मोठे होते, आपल्याकडची जात त्याने सावरली. पण तीच पिल्ले दक्षिणेत कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. आपला मासा तिथे फोफावला आणि त्यांचा मागे पडत गेला. २०१८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले, टॉर रेमादेवी, आणि नाव मिळाले तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर होता. घरच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे. आपल्या तळ्यांत आज गळाला बहुधा चिलापीच लागते, तीही बाहेरून आलेली.

मासा आणि आपण यांच्यातले नाते काठीपुरते नाही. वसई-विरारच्या नळाला येणारे बहुतेक पाणी सूर्या नदीचे आहे, आणि सूर्या वैतरणेचीच बहीण, तिलाच जाऊन मिळणारी. धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा झाले ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. आता सूर्याच्या नव्या प्रादेशिक योजनेतून रोज १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला द्यायचे ठरलेले आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध आंदोलने केली, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाण्यावाचून टँकरमागे धावलेल्या नालासोपाऱ्याच्या आईलाही आम्ही पाणी घेऊ नका असे कसे सांगणार? पण शेताचा वाटा, शहराचा वाटा अशी बोलणी होतात तेव्हा नदीचा स्वतःचा वाटा कोणी मागत नाही. धरणाखाली बारमाही थोडे पाणी, आणि जूनमध्ये एकदा तरी मासा चढावा इतके, हे लिहून घ्यायला हवे. वाहत्या नदीवर बसून वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून ऐकवली जाते. तिच्यात नदीचाही विचार आहे असे आम्ही समजतो.

मुलाला काठी घ्यायची तर साधी घ्यावी. कळकाची काठी, दोर, बूच, लहान गळ, आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. माशी बांधायचीच असेल तर कोंबडीचे पीस आणि शिवणाचा दोरा घरात आहेच. महसीरच काय, लहानसहान मासेही तिला उडी घेतात. तानसा अभयारण्यात आणि त्याच्या तलावांवर गळ टाकता येत नाही. इतर बऱ्याच तलावांत मासेमारीचा हक्क सोसायट्यांकडे असतो, आधी विचारावे. सुरुंग आणि विष घालून मासे मारणे १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे; ब्लीचिंग पावडर टाकणारे दिसले तर मुलाने तिथे थांबू नये. मासा पहाटे आणि संध्याकाळी खातो. फज्रनंतर निघालेला मुलगा ऊन चढेपर्यंत घरी येतो, ते सोयीचे. संध्याकाळची गडबड मात्र मगरिबच्या वेळेशीच येते; मुसल्ला पिशवीत असू द्यावा.

आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की त्या रात्री काठी घरी ठेवून मुलाला बापाने शेताकडच्या ओढ्यावर न्यावे, आईनेही जावे. बॅटरी पाण्यावर फार वेळ रोखून धरू नये, मासे बुजतात. गमबूट घालावेत; साप याच रात्री बिळातून बाहेर पडलेले असतात.